दंड सरकारजमा, मनस्ताप आमच्याकडे

मा. श्री. अश्विनी वैष्णव,
केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री, नवी दिल्ली

स.न.वि.वि.

मध्यंतरी एका पॅथॉलॉजी लॅबचा ई-मेल आला. 'काही ग्राहकांची माहिती बाहेर गेली असण्याची शक्यता आहे. आपला पासवर्ड मात्र सुरक्षित आहे.' अहो, पासवर्ड मी चहा उकळेपर्यंत बदलला असता. जन्मतारीख कशी बदलू? आणि थायरॉईडचा रिपोर्ट? पुढे विमा विकणाऱ्यांचे फोन सुरू झाले. त्यांना माझं वय तोंडपाठ!

म्हणून आपल्या सरकारचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा वाचून काढला. त्यात चांगलं आहेच. टेलिमेडिसिन ॲपने फोनमधले सगळे कॉन्टॅक्ट मागितले आणि रुग्णाने 'हो' म्हटलं, तरी तेवढ्यापुरती ती संमती धरायची नाही, हे उदाहरण खुद्द कायद्यातच आहे. माहिती फुटली तर ज्याची फुटली त्याला कळवायचं. सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड.

पण हा दंड जाणार कुठे? कलम ३४ प्रमाणे भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत. ज्याचा रिपोर्ट बाजारात फिरला, त्याला दमडी नाही. उलट त्याची तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली, तर त्यालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आधी असं नव्हतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३अ हयगय करणाऱ्या कंपनीला भरपाई द्यायला लावत होतं. २०१३ मध्ये याच कायद्याखाली महाराष्ट्राच्या आयटी सचिवांनी, ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेलेल्या पुण्याच्या एका उद्योजकाला ४५ लाख रुपये द्या, असा आदेश एका सरकारी बँकेला दिला होता. म्हणजे हे नुसतं कागदावरचं कलम नव्हतं. नव्या कायद्याने ते वगळायचं ठरवलं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कायद्याचे नियम निघाले, तेव्हापासून अठरा महिन्यांनी हे कलम जाईल. का वगळलं, हे सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत कधीतरी सांगा.

माझी मागणी एवढीच: भरपाई देववण्याचे अधिकार, नव्या कायद्याखाली दंड ठरवणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाला द्या आणि ती दुरुस्ती होईपर्यंत ४३अ ला हात लावू नका. मंडळाला दंड ठरवताना कायदा किती गंभीरपणे मोडला, हे तपासावंच लागणार आहे. त्याच सुनावणीत, ज्याचं नुकसान झालं त्याचा आकडाही ठरवायला काय हरकत आहे?

आपला,
एक ग्राहक