ताई, त्या 'हजर'साठी थँक्यू

ताई,

खरं तर हे शाळेच्या गेटवरच बोलायचं होतं, पण सव्वातीनच्या त्या गर्दीत 'थँक्यू, बाय' एवढंच होतं, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

आम्ही सप्टेंबरात नाशिकहून इंग्लंडला, लंडनजवळच्या स्लाऊला आलो आणि लेक डायरेक्ट इयर वनमध्ये, म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात. घरी अखंड बडबड, शाळेत मात्र आठ आठवडे तोंडातून शब्द नाही. मी इतकी घाबरले की घरात मराठीच बंद केली, म्हणजे माझं इंग्रजी काय दिव्य आहे ते तुम्हाला माहितीये, पण आजीच्या व्हिडिओ कॉलवर सुद्धा 'से हॅलो टू आजी' चालू. तेव्हा तुम्ही मला बाजूला घेऊन चक्क झापलंत. घरी मराठीच बोला, ती गप्प आहे म्हणजे ऐकतेय, नवीन भाषेत मुलं असं करतात, इंग्रजीचं आम्ही बघतो. वर्गातल्या असिस्टंट बाई, म्हणजे तुम्ही, मराठी आहात हे मला तेव्हा कळलं!

मग तुम्ही टीचरना सांगून हजेरीला ज्याने त्याने आपल्या भाषेत उत्तर द्यायचं सुरू केलंत. कोणी पंजाबीत, कोणी पोलिशमध्ये, कोणी उर्दूत, आणि आमची बया बोलली 'हजर'. शाळेतला तिचा पहिला शब्द. आता म्हणे अर्धा वर्ग 'हजर' म्हणतो.

भिंतीवरचं 'नमस्कार' पण तिच्याकडूनच लिहून घेतलंत. इंग्रजी अक्षरं रेघेवर बसतात, आपली रेघेला लटकतात, हे तिने टीचरना शिकवलं. घरी येऊन तीन वेळा सांगितलं, चौथ्यांदा बाबाला.

शाळेतली ती 'ब्रिटिश व्हॅल्यूज'ची, म्हणजे ब्रिटिश मूल्यांची पाटी बघून मला वाटलेलं आपल्या फळ्यावरच्या सुविचारासारखं असेल, लिहिलं की मोकळे. २०१४ पासून इथल्या शाळांना लोकशाही, कायदा, व्यक्तिस्वातंत्र्य, एकमेकांचा आदर हे सगळं शिकवावंच लागतं ना. पण तुमच्याकडे रोजची गोष्ट कुठली वाचायची यावर ठोकळे टाकून मतदान! हिची गोष्ट पडली तर घरी येऊन रडली. मी म्हटलं, बाई गं, हीच लोकशाही.

आणि फोनिक्स, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून वाचायला शिकवणं! त्यातले ते 'एलियन वर्ड्स', म्हणजे बनावट शब्द, मी छपाईची चूक समजून पेनाने दुरुस्त केले होते, कोणाला सांगू नका प्लीज. जूनच्या टेस्टमध्ये ४० पैकी २० शब्द मुद्दाम बिनअर्थाचे असतात, मूल पाठांतराने वाचत नाही ना हे कळायला, हे तुम्हीच हसत हसत समजावलंत.

संक्रांतीला तिळगूळ द्यायचे होते, पण शाळेत शेंगदाणा चालत नाही आणि तीळ पण इथल्या त्या ॲलर्जी होणाऱ्या १४ पदार्थांच्या यादीत, मग शंकरपाळ्यांवर भागवलं. त्यांचा डबा अजून तुमच्याकडेच आहे. रिकामा कसा द्यायचा म्हणून ठेवला असेल तर खरंच रिकामाच पाठवा, सोमवारी हिला डब्याला लागतो.