मोतीबागेचं ठेसन

ठाणे,
१६ एप्रिल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आज ठाणे स्टेशनात शिरलो तर फलाटावर हार-फुलं आणि पेढे. १८५३ साली याच तारखेला बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली, तिचा वाढदिवस. पेढा हातात घेतला आणि डोळ्यांपुढे आपलं दारव्हा मोतीबाग ठेसन उभं राहिलं. काल १५ एप्रिल होती रे! १९९४ साली त्याच दिवशी आपल्या छोट्या लाइनीच्या गाडीचं, शकुंतलेचं, वाफेचं इंजिन काढून डिझेल जोडलं. आपण सहावीत होतो. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं ते इंजिन सत्तर वर्षं वऱ्हाडात राबलं. त्याच्या नावाने कुणी पेढा वाटला नाही.

तू पाठवलेले ठेसनाचे फोटो रात्री पुन्हा पाहिले. तिकीटखिडकीच्या चौकटीला वाळवी, रुळांत बाभळी. झोप लागली नाही.

पेपरात तेच ते येतं. किलिक-निक्सन या इंग्रज कंपनीने टाकलेले अडीच फुटी रूळ, वऱ्हाडचा कापूस विलायतेला, आणि स्वातंत्र्यानंतरही लाइन कंपनीचीच. खरं आहे ते, आणि मनाला लागतंही. पण यवतमाळ ते मूर्तिजापूर, त्या ११३ किलोमीटरांत डब्यात कोण बसायचं, ते कुणी लिहीत नाही.

मला फाटकं आठवतात. आधी गाडी थांबायची, माणूस उतरून फाटक लावायचा. गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबली, की तो फाटक उघडून धावत येऊन चढायचा. तेवढ्यात आपण शेजारच्या शेतातला हरभरा उपटून आणायचो. ठेसनावर बाबू नसला की गार्डच तिकीट द्यायचा. "बसा पहिले, तिकिटाचं मंग पाहू!"

नोकरीसाठी मुंबईला निघालो तेव्हा आई मूर्तिजापूरपर्यंत आली होती. एसटीचं भाडं परवडत नव्हतं, म्हणून शकुंतलाच. शिदोरीतली अर्धी भाकर आणि मिरचीचा ठेचा तिने गार्डाला दिला. त्याने हात धुऊन, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि मग खाल्लं. मोठ्या लाइनीची गाडी आली, मी चढलो. आई त्याच शकुंतलेने एकटी परत गेली.

वर्धा-यवतमाळ-नांदेड मोठी लाइन दारव्ह्यावरून चाललीय, याचा मला मनापासून आनंद आहे. पोरांना मूर्तिजापूर गाठावं लागणार नाही. पण त्या धांदलीत जुनी इमारत गेली, तर मागे काय उरेल?

म्हणून एक कर. तो गार्ड अजून गावातच आहे म्हणालास ना? वही घेऊन त्याच्याकडे बस. फाटकं लावणाऱ्यांची, इंजिनात पाणी भरणाऱ्यांची, सगळ्यांची नावं उतरवून घे. वेळ लागू दे. दिवाळीत मी येतो, मग दोघं मिळून फलाट टेपने मोजू.

आणि त्याला एवढं विचार, २००३ च्या जूनमध्ये मला सोडून परत जाताना आई गाडीत काय बोलली? मला तिने कधीच सांगितलं नाही.

तुझाच