पालकमंत्री महोदय, दोन नकाशे एका टेबलावर ठेवा

प्रति,
मा. पालकमंत्री, नागपूर जिल्हा

महोदय, सादर नमस्कार.

मी सार्वजनिक आरोग्य परिचारिका म्हणून ३१ वर्षं नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं दक्षिण नागपुरातल्या लेआउटांमध्ये दारोदार फिरण्यात गेली. लसीकरण, तापाच्या रुग्णांची यादी, पावसाळ्यात डेंग्यूचा सर्व्हे. आपण जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आहात. महापालिका, नागपूर सुधार प्रन्यास, महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आणि आरोग्य खातं या सगळ्यांना एका बैठकीला बसवू शकाल ते आपणच, म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे.

एका गल्लीची गोष्ट सांगते. २०२१ च्या पावसाळ्यात अकरा घरांच्या त्या गल्लीत पाच घरांत डेंग्यूचे रुग्ण होते. प्लॉट लहान. बाजूला सोडायची जागा, ज्याला आपण साइड मार्जिन म्हणतो, ती भिंतीत गेलेली. शेजारच्या घराला घर चिकटलेलं, त्यामुळे खिडकी फक्त रस्त्याकडे, आणि त्या एकुलत्या खिडकीत कूलर. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो त्या शहरात या घरांना कूलरशिवाय झोप नाही. पाऊस लागला की कूलर बंद होतो, टाकीतलं पाणी मात्र तसंच राहतं. डेंग्यूचा एडिस डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. टाकीच्या कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडली तरी महिनोनमहिने तग धरतात, म्हणून पाणी नुसतं ओतून चालत नाही, टाकी घासावी लागते.

हे मी त्या गल्लीत किती वेळा सांगितलं असेल! आणि बायकांनी ऐकलं, टाक्या खरंच घासल्या. तरी पुढच्या वर्षी ताप आलाच. गल्लीच्या टोकाला एक रिकामा प्लॉट होता. समोरचा रस्ता सिमेंटचा झाला तेव्हा तो घरांच्या जोत्यापेक्षा उंच झाला, नाली त्याहून वर राहिली, आणि पाऊस पडला की पाणी त्या प्लॉटमध्ये आणि तिथं टाकलेल्या टायरांत, डब्यांत साठायचं. मी लेखी कळवलं. एका कार्यालयानं सांगितलं, प्लॉट खासगी मालकीचा आहे. दुसऱ्या कार्यालयानं सांगितलं, रस्त्याची पातळी मंजूर नकाशाप्रमाणे आहे. कागदावर दोघांचंही बरोबर होतं. फवारणीची गाडी तेवढी दोनदा येऊन गेली.

महोदय, त्या गल्लीतला ताप मार्जिनमधून, रस्त्याच्या पातळीतून आणि मोकळ्या प्लॉटमधून आला होता. लेआउट मंजूर करणाऱ्याला तापाची यादी कधी दिसली नाही, आणि यादी करणाऱ्या मला लेआउटचा नकाशा कधी कुणी दाखवला नाही.

मधुमेहाचंही तेच. डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतात, रोज अर्धा तास चाला. साठीतल्या एका बाईंनी मला विचारलं होतं, "चालाले जागा कुठं हाय मॅडम? नालीवरून चालू का?" त्यांच्या वस्तीत फुटपाथ नव्हता आणि बागेसाठी राखलेल्या जागेवर बांधकामाचं साहित्य पडलेलं होतं. माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही नाही.

गुंठेवारीतल्या, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनींवरच्या, १९०० आणि ५७२ लेआउटांतले लोक हे पत्र वाचतील तर त्यांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. तिथं घरं आधी झाली. रस्ता, नाली, मैदान नंतर. आता बेसा, पिपळा, हुडकेश्वरकडे शहर वाढतं आहे. तिथं तरी क्रम बदलता येईल.

एके काळी रोग आणि नगररचना यांचा संबंध सरकारला नीट ठाऊक होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये तिथं सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट चाळींत हवा-उजेड यावा, मोठे रस्ते निघावेत, हेच त्याचं काम. आपल्या सुधार प्रन्यासाचा १९३६ चा कायदा त्याच परंपरेतला. 'सुधार' हा शब्द त्या नावात उगाच आलेला नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीनंतरच्या बाराव्या अनुसूचीतही नगररचना पहिल्या क्रमांकावर आणि सार्वजनिक आरोग्य सहाव्या क्रमांकावर, पालिकांच्या कामांच्या एकाच यादीत आहे. असं असूनही विकास योजनेत आरोग्य शोधायला गेलं की दवाखान्यासाठी राखलेला भूखंड सापडतो, आणि तिथंच विषय संपतो.

उन्हाचंही पाहा. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले. पुढं हीट अॅक्शन प्लॅन आला, आणि ते चांगलं काम आहे हे मी मनापासून सांगते: रुग्णालयांत थंड कक्ष, दुपारी खुल्या बागा, चौकात सिग्नलवर हिरव्या जाळ्या. पण हा प्लॅन आरोग्य विभागाकडे आहे, आणि झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओतायचं की माती सोडायची हे ठरतं दुसरीकडे. सिमेंट दिवसभर तापतं आणि रात्री उष्णता सोडतं (डांबरही काही थंड नाही, भांडण सिमेंटशी नाही). टिनाच्या छपराखाली रात्रही तापलेली राहिली की म्हाताऱ्या माणसांच्या शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी घरांत शिरलं, तेव्हाही आरोग्य कर्मचारी चिखलातून क्लोरीनच्या गोळ्या घेऊन गेले. आम्हाला नेहमी शेवटी बोलावतात.

म्हणून मागणं असं. मेडिकल, मेयो (शहरातली दोन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं) आणि महापालिकेच्या दवाखान्यांत येणारे डेंग्यू, उष्माघात आणि रस्ते अपघाताचे रुग्ण, नावं गाळून, फक्त वस्तीनुसार एका नकाशावर मांडा. त्याच नकाशावर नाल्या, फुटपाथ, मोकळे प्लॉट, झाडं आणि बागांची आरक्षणं दाखवा. हे करायला बाहेरून सल्लागार आणायची गरज नाही. मेडिकल आणि मेयोत सामाजिक वैद्यकशास्त्राचे विभाग आहेत, व्हीएनआयटी या अभियांत्रिकी संस्थेत नगररचनेचा अभ्यासक्रम आहे, नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था १९५८ पासून याच शहरात आहे. विद्यार्थ्यांच्या एका तुकडीला एक प्रभाग द्या. डॉक्टर होणारी मुलं आणि नगररचनाकार होणारी मुलं एका गल्लीत बरोबर फिरू देत. जिल्हा नियोजनाच्या निधीत एवढा खर्च सहज बसतो.

आणि दुसरं, याहून महत्त्वाचं. शहराची विकास योजना २००० साली मंजूर झाली. कायद्यानं ती वीस वर्षांतून एकदा तरी सुधारायची असते. पुढच्या योजनेच्या टेबलावर आरोग्य अधिकाऱ्याला पहिल्या दिवसापासून खुर्ची द्या, हरकती-सूचनांच्या वेळी नव्हे. नवीन लेआउटच्या मंजुरीत पाण्याचा उतार, सावली आणि चालायची जागा यावर त्यांचा लेखी अभिप्राय असावा, आणि तो डावलला तर का डावलला हेही लिहिलेलं असावं.

माझ्याकडे सर्व्हेच्या चौदा वह्या आहेत. कुठल्या गल्लीत कुठला प्लॉट तुंबतो, कुठं नाली रस्त्याच्या वर आहे, कुठल्या घरी दोनदा डेंग्यू झाला, सगळं तारखेनिशी. लोकांची नावं झाकून त्या आपल्या कार्यालयात आणून द्यायला मी तयार आहे. पावसाळ्याआधी बोलावलंत तर बरं होईल.

आपली नम्र,
एक निवृत्त आरोग्य परिचारिका
मानेवाडा, नागपूर