आधी डोळा धू, मग चिठ्ठी लिही

रत्नागिरी
श्रावण, नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस

प्रिय विजू,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले, रागावू नकोस. गणपती तोंडावर आलेत, घरोघरी रंगरंगोटी चालू आहे, आणि या दिवसांत माझा जीव थाऱ्यावर नसतो.

गेल्या वर्षी याच सुमारास एका गड्याला आणलं होतं. भिंतीला चुना मारताना डोळ्यात उडाला. आधी जिथे नेलं तिथे पट्टी बांधून ‘नेत्रतज्ज्ञांना दाखवा’ अशी चिठ्ठी दिली. पावसातून इथे पोचायला दोन तास. मी पट्टी सोडून वरची पापणी उलटली, तर चुन्याचे कण तसेच चिकटलेले! ॲसिड वरवरची प्रथिनं साकळवून बरेचदा स्वतःचीच वाट अडवतं. चुना मात्र पेशींतली चरबी विरघळवत आत शिरत राहतो. बुबुळ कालवणातल्या माशाच्या डोळ्यासारखं पांढरं झालं होतं. घरात कमावणारा तो एकटाच रे.

त्या रात्री ठरवलं, इमर्जन्सीच्या पोरांना आपणच शिकवायचं. डोळा वाचतो तो पहिल्या भेटणाऱ्या डॉक्टरच्या हातून.

आता दर शनिवारी दुपारी बसतो. पहिला धडा धुण्याचा. बधिरतेचा थेंब, सलाईनची बाटली, नळी, निदान अर्धा तास धार. नजर तपासणं एरवी सगळ्यात आधी, इथे मात्र नंतर. मग पाच मिनिटं थांबून आम्ल-अल्कली मोजणारी पीएचची पट्टी खालच्या पापणीत टेकवायची. सातच्या आसपास आला नाही तर पुन्हा धार.

पापणी उलटताना सगळ्यांचे हात थरथरतात. एक मुलगी तर पेशंटला सारखं ‘वर बघा’ म्हणायची. म्हटलं, खाली बघायला सांग. मग पापण्यांचे केस चिमटीत धरून, कापसाची काडी पापणीवर थोडी वर टेकवली आणि अलगद उलटवली. तिचा चेहरा बघायला हवा होतास!

मटणवाल्याकडून बकऱ्याचे डोळे आणतो. चिरेखाणीतल्या कामगाराच्या बुबुळात रुतलेला जांभ्याचा कण सव्वीस नंबरच्या सुईने, सुई आडवी धरून कसा काढायचा, ते त्यावर गिरवतात. डोळ्यामागे रक्त साठून नजर जायला लागली, तर बाहेरचा कोपरा कापून पापणीचा बंध सोडवायलाही शिकवतो. दीड-दोन तासांचा खेळ असतो; कोल्हापूरला पोचेपर्यंत संपून जातो.

पण खरं कठीण आहे ते हात आवरणं. छिन्नीचा तुकडा उडून डोळा फुटला असेल, बाहुली थेंबासारखी ओढली गेली असेल, तर दाबायचं नाही, पट्टी नाही, मलम नाही. कडक कवच, नसेल तर कागदी कप हाडांवर टेकवून चिकटवायचा. उलटी थांबवायचं औषध द्यायचं, धनुर्वाताचं इंजेक्शन विसरायचं नाही, आणि पाठवायचं. हा फरक नजरेत बसायला वेळ लागतो. मी घाई करत नाही.

परवा रात्री त्याच मुलीचा फोन. तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटून चार वर्षांच्या पोराच्या डोळ्यात गेलेली. मी पोचलो तेव्हा आईने पोराला चादरीत गुंडाळून धरलेलं, आणि ही तिसरी बाटली लावत होती. वरच्या पापणीखालून दोन खडे काढून तिने गॉजवर जपून ठेवले होते, मला दाखवायला. बुबुळ स्वच्छ होतं रे, विजू.

दिवाळीला येशील तेव्हा मुंबईहून पीएचच्या पट्ट्यांची चार पाकिटं आण. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिनू