खाकरायचं कसं थांबवायचं, हे शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

मी एसटीचा कंडक्टर, मुक्कामी गाडीवरचा. दुर्बिणीने घसा तपासून, 'गाठबिठ काही नाही, नुसती सूज आहे' असं सांगून डॉक्टरांनी तुमच्याकडे पाठवलेला. एवढ्यावरून आठवेन असं नाही, पण दर दोन वाक्यांमागे खाकरणारा म्हटलं की आठवेन.

घशाशी बेडका अडकलाय, थुंकावं तर काही पडत नाही, असं महिनोन् महिने चाललं होतं. हळद-दूध, ज्येष्ठमध, काढे, सगळं झालं होतं. सर्दीच्या गोळ्यांनी तर घसा कोरडा पडून चिकटा आणखी घट्ट व्हायचा.

तुम्ही औषधाचं नावच काढलं नाहीत. नाक आणि सायनस मिळून दिवसाला साधारण लिटरभर द्राव तयार करतात आणि तो आपण नकळत गिळतो, हे ऐकून मी थक्क झालो. कफ सगळ्यांनाच असतो, तुम्हाला तो जाणवतोय, असं म्हणालात. का जाणवतो, तेही समजावलंत. जोरात खाकरलं की स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, सूज येते, सुजलेल्या जागेच्या रक्षणाला आणखी चिकटा सुटतो, आणि माणूस पुन्हा खाकरतो. मग खाकरायची उबळ आली की पाण्याचा घोट घ्यायचा, पाणी नसेल तर हनुवटी खाली करून आवंढा गिळायचा. ऐकायला पोरखेळ! पण तिकिटं फाडताना हे जमवणं म्हणजे काय, ते मलाच ठाऊक. पहिला आठवडा फार जड गेला.

मूळ कारण मात्र तुम्ही माझ्या जेवणाच्या वेळेवरून पकडलंत. रात्री उशिरा गाडी लावायची, पिठलं-भाकरी खायची आणि तिथेच आडवं व्हायचं. छातीत जळजळ नव्हती, म्हणून पित्ताचा संशय कुणालाच आला नाही. ते जळजळ न करताही घशापर्यंत येतं, हे तुमच्याकडूनच कळलं. आता जेवणाचा डबा वाटेतच, संध्याकाळच्या थांब्यावर उघडतो. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवायचा प्रयत्न असतो. दरवेळी साधत नाही. घरी पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावल्यात, त्यावरून बायको अजून चिडवते. नाक धुवायचं मीठपाणी उकळून गार केलेल्या पाण्याचंच करतो.

चिकटा पुरता गेलेला नाही. धुळीच्या रस्त्यावर, चहा जास्त झाला की जाणवतो. पण हल्ली प्रवाशांना 'पुढे सरका' एका दमात सांगता येतं.

एक काम आहे. आमच्या एका ड्रायव्हरचा आवाज महिनाभर बसलाय, तंबाखूही आहे. तो तुमचे व्यायाम माझ्याकडूनच शिकवून मागत होता. मी म्हटलं, आधी डॉक्टरांची दुर्बीण, मग मॅडम. येत्या सुट्टीला त्याला घेऊन येतो.

आपला,
मुक्कामी गाडीचा कंडक्टर