तूच सांग तिला

ता. आर्णी, जि. यवतमाळ
18 जानेवारी 2026, रविवार

प्रिय गज्या,

पोळ्याला तुझा फोन आला होता आणि मी "रात्री करतो" म्हणालो होतो. ती रात्र अजून उजाडायची आहे असं समज. शिव्या द्यायच्या असतील तर पत्र पूर्ण वाचून दे, मधेच सुरू झालास की तुला थांबवणारा मायचा लाल अजून जन्मला नाही. तब्येत ठीक. साखर गोळीवर, सुमनचे गुडघे मलमावर. झालं तब्येतीचं.

फोनवर हे बोलता आलं नसतं. तू पहिल्याच वाक्याला "तुला तेव्हाच सांगितलं होतं" म्हणाला असतास आणि मी फोन ठेवून दिला असता. शिवाय इथं कोणाला सांगू? मुख्याध्यापकांना सांगितलं तर ते म्हणतील, आधी यू-डायसवर शाळेची माहिती भरायचं काम संपवा. सुमनला सांगितलं, तर ती म्हणाली, तुमचं दीड वर्ष राहिलं, आता कशाला डोकं खपवता. ऐक तर.

दिवाळीनंतर डी.एड.ची पोरं आली होती आमच्याकडे आंतरवासितेला, म्हणजे शिकवायच्या सरावाला. आता डी.एल.एड. म्हणायचं असतं, पण गावात कोणी म्हणत नाही. एक पोरगा, दोन पोरी. पोरगा दिवसभर पोरांना नाचवून रील काढायचा. पोरांना तो भारी आवडला, मलाही वाईट वाटला नाही. एक पोरगी भिंतीएवढे रंगीत तक्ते घेऊन आली, चमकीसकट. तिसरी गप्प. तिचं नाव लिहीत नाही, पत्र तुझ्या घरी सगळे वाचतात.

तुला माझी पद्धत माहीत आहे. पहिला आठवडा मी छात्राध्यापकाच्या हातात खडू देत नाही. एका पोराजवळ बसायचं, त्याच्या वहीत बघायचं, तोंड उघडायचं नाही, आणि त्यानं काय केलं ते लिहायचं. 'चुकलं' लिहायचं नाही, 'बरोबर' पण नाही. नुसतं काय केलं ते. किती वर्षं हे करतोय, बहुतेकांच्या वहीत दुसऱ्याच दिवशी 'मुलाचे लक्ष नाही' असं वाक्य येतं. मी म्हणतो, लक्ष नाही म्हणजे कुठं आहे, तेवढं लिही. मग माझ्याकडे असे बघतात, जसा तू शकुंतला रेल्वेत टी.सी.कडे बघायचास. त्यांच्या कॉलेजातून पाठ टाचणाचे नमुने येतात, निरीक्षणाचा तक्ता येतो: प्रस्तावना, हेतुकथन, फलकलेखन, आवाज, हालचाल. पोरगा काय करतोय याला त्या तक्त्यात रकानाच नाही. आपल्या वेळी होता का? नव्हताच. आठव, तुझा वार्षिक पाठ, कापूस ते कापड. तू विचारलंस, "आपल्या वावरात पांढरं पांढरं काय दिसते?" आणि मागच्या बाकावरचं पोट्टं म्हणालं, "बगळा." साहेब हसले, बाई हसल्या, पोट्टे हसले. तू नाही हसलास. आणि तुझे मार्क गेले ते बगळ्यामुळे, हे तू आजही मान्य करत नाहीस, तुझ्या मते ते मी फळा नीट पुसला नव्हता म्हणून गेले.

तर ही पोरगी. हिच्या वहीत पहिल्याच दिवशी दोन पानं भरली होती, एका पोराची. तिसरीतला पोरगा, बाप वारलेला, आई मजुरीला. वेचणीच्या दिवसांत हजेरीवर आडव्या रेघाच जास्त. त्यानं 52 वजा 27 चं उत्तर 35 लिहिलं होतं. आता असे पस्तीस मी आयुष्यात ढिगानं पाहिले. आपण काय करतो? काट मारतो, "हातचा विसरलास" म्हणतो, पुढची वही घेतो. हिनं काट मारली नाही. खाली लिहिलं होतं, "त्याला विचारले, पस्तीस कसे आले. तो म्हणाला, दोनातून सात जात नाही, म्हणून सातातून दोन काढले. मोठ्यातून लहान काढाचं, असं सांगतलं हाये." त्याच्या बोलीतच लिहिलेलं, शुद्ध केलेलं नाही.

म्हणजे पोरगा काहीच विसरला नव्हता. त्याला पहिलीत कोणीतरी दिलेला नियम तो इमानानं पाळत होता. वजाबाकी उभी मांडली की प्रत्येक खान्यात मोठ्यातून लहान काढायचं, वर कोण खाली कोण याच्याशी घेणं नाही.

दुसऱ्या आठवड्यात खिचडी झाल्यावर छपरीत दोघं बसले होते. मी खांबाआड हजेरी भरत होतो, म्हणजे भरायचं नाटक करत होतो. तिनं पाटी बाजूला ठेवली आणि विचारलं, "काल तुझ्या आईनं किती कापूस वेचला रे?"
"बावन किलो."
"आणि आजीनं?"
"सत्तावीस. तिले आता होत नाही."
"मग आईचा किती जास्त?"
पोरानं मान वर केली, ओठ हलले, बोटं मांडीवर आपटली. "सत्तावीसचे तीस, तीन. तीसचे बावन, बावीस. पंचवीस किलो." झटक्यात. आणि लगेच, "अडीचशे रुपये."

तिनं पाटी परत त्याच्यासमोर सरकवली. तेच 52, तेच 27, खाली त्याचंच 35. पोरानं पाटी पाहिली, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ते शाळेतलं हाये मॅडम. शाळेतली वजाबाकी अलग राह्यते."

गज्या, मी हजेरीपट मिटला. 1937 साली वर्ध्याला गांधीजींनी परिषद भरवली, झाकिर हुसेनांच्या समितीनं नई तालीमचा आराखडा केला, शिक्षण हाताच्या कामातून झालं पाहिजे म्हणून. डी.एड.ला असताना आपण सेवाग्रामला सहलीला गेलो, बापूकुटीसमोर फोटो काढला, तू टकळीवर सूत काढायला बसलास आणि दर वितीला तोडलंस. पेपरात मात्र 'नई तालीमची वैशिष्ट्ये' आठ मुद्द्यांत लिहून आपण दोघं पास. आणि वर्ध्यापासून एवढ्याशा अंतरावर, आमच्या छपरीत, आठ-नऊ वर्षांचं पोट्टं सांगतंय की शाळेतली वजाबाकी अलग राहते. ते काही तक्रार करत नव्हतं. ऊन वेगळं, सावली वेगळी, तसं सांगत होतं.

पुढचं लगेच जमलं असं समजू नको. शाळा सुटल्यावर आम्ही दोघांनी कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या तोडल्या, दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. सत्तावीस काढायचे तर पोराला एक जुडी सोडावीच लागते, हे त्याच्या हातून व्हायला पाहिजे होतं. जुडी सोडायला तो तयारच होईना, "बांधेल कशाले सोडाची" म्हणे. आठवडाभर चाललं. मग एक दिवस सोडली. पाटीवर बरोबर आलं. आणि सोमवारी परत 35. पोरगी रडवेली झाली. मी म्हटलं, आता तू खरी शिकवायला लागलीस.

तिच्या कॉलेजातून पाठ बघायला सर आले, त्याच आठवड्यात. हिनं प्रस्तावनेचे प्रश्न गाळून थेट काड्या वाटल्या. सर फळ्याची डावी-उजवी बाजू बघत बसले. मार्क कमी पडले, हे तुला सांगायला नकोच. मी शेऱ्यात माझं मत लिहिलं, एक पान भरून. ते पान कोण वाचणार?

इथपर्यंत वाचून तू म्हणशील, मग काय झालं, चांगली पोरगी मिळाली, खूश हो. थांब.

शेवटच्या दिवशी निरोपसमारंभ झाला, आम्हाला पेन, त्यांना गुलाबाचं फूल, फोटो. सगळे गेले. ही परत आली, चप्पल बाहेर काढून वर्गात आली आणि विचारलं, "सर, खरं सांगा. मी शिक्षक व्हायचा नाद करू का?"

घरी तीन एकर कोरडवाहू. मोठा भाऊ पुण्याला कंपनीत. मागणी यायला लागली आहे, बाप म्हणतो एक वर्ष थांबतो. तिनं सगळा हिशोब करून आणला होता. आधी शिक्षक पात्रता परीक्षा, टीईटी: दीडशे मार्क, पास व्हायला साठ टक्के, तिच्या प्रवर्गाला पंचावन्न. मग दोनशे मार्कांची अभियोग्यता चाचणी, मग भरतीचं पवित्र पोर्टल, मग वाट. ती चाचणी 2017 ला झाली, मग थेट 2023 ला, मग 2025 ला. मधल्या पाच वर्षांत किती जणींची लग्नं झाली असतील, तूच सांग. लागलीच तर शिक्षणसेवक, तीन वर्षं, सोळा हजारावर. वर नवं शैक्षणिक धोरण म्हणतं, 2030 पर्यंत चार वर्षांची एकात्मिक बी.एड. हीच किमान पात्रता. तिचं कॉलेजही रिकामं होत चाललंय. तिच्या वर्गात पोरं किती, हे तिनं सांगितलं तेव्हा मला वाटलं ती तुकडीचं नाही, बाकाचं सांगते. तालुक्याच्या एका कॉन्व्हेंटमध्ये लगेच घेतात म्हणे, महिना साडेपाच हजार. तर ती हसून म्हणाली, "सर, त्या पोराची आई दहा रुपये किलोनं वेचते. अकरा दिवसांत माझ्या पगाराच्या पुढे जाते." बावन्न गुणिले दहा गुणिले अकरा. मी मनातल्या मनात ताळा केला, बरोबर होतं.

मला उत्तर आलं नाही. म्हटलं, रविवारी घरी ये, बोलू. तो पुढचा रविवार, 25 तारीख. म्हणून हे पत्र आज.

'हो' म्हणू? दोन-चार वर्षं गाईड पाठ करत बसेल. काड्यांची जुडी सोडायला लावणाऱ्या बाईला तिथं पियाजेच्या अवस्थांचा क्रम विचारणार. आमचे धाकटे सर बघतोय ना मी. सुप्रीम कोर्टाचा निकाल आला 1 सप्टेंबरला, नोकरीतल्यांनाही टीईटी लागणार, दोन वर्षांत. मला निवृत्तीला पाच वर्षांहून कमी राहिली म्हणून मी सुटलो. धाकट्याची अकरा वर्षं नोकरी बाकी आहे, तो दुपारच्या सुट्टीत बालमानसशास्त्राचं गाईड घेऊन बसतो आणि पोट्टे आले की हाकलतो. "सर, बालकांमुळे बालमानसशास्त्र होत नाही," म्हणे. हसलो दोघं. मग तो परत गाईडात गेला.

'नाही' म्हणू? मग इतकी वर्षं मी कोणाला शिकवत होतो? दर वर्षी पोरं येतात, पाठ घेतात, सही घेऊन जातात. त्यातले पोलिसात गेले, मेडिकल स्टोअरला लागले, एक आमदाराच्या मागे फिरतो आणि मला भर चौकात वाकून नमस्कार करतो. कोणाचं वाईट झालं नाही. पण पोराच्या वहीत डोकं घालून 'हे कसं आलं' असं विचारणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. तू म्हणायचास, शिकवणं शिकवता येत नाही, ते पोटातून यावं लागतं. मी म्हणायचो, येतं. आजही म्हणतो. बोलणं-हातवारे शिकवून उपयोग नाही, ते तुझं खरं. पण थांबायला शिकवता येतं, बघायला शिकवता येतं. हिलाही पहिल्या दिवशी मीच खडू दिला नव्हता. हे मी स्वतःची पाठ थोपटायला लिहीत नाही, भांडणात पॉइंट माझा झाला एवढं नोंदवून ठेव.

आणि आता मुद्दा. हाच प्रश्न मला आधी एकानंच विचारला होता, 1994 ला, शकुंतलेत, दारव्ह्याहून मूर्तिजापूरला जाताना. "सुध्या, सोडू का?" मी मूर्तिजापूर येईपर्यंत भाषण दिलं. तुला पळपुटा म्हटलं. गाडी एवढी हळू होती की भाषण दोनदा झालं. तू खाली उतरून चहा सांगितलास आणि माझ्या चहाचे पैसे दिले नाहीस, हे मला आजही आठवतं. पुढं तू विम्यात गेलास, छान झालं तुझं. सुमनला, भाऊंना, सगळ्यांना तू सांगितलंस की पगारासाठी सोडली. वरच्या शाळेचं, त्या पावसाळ्याचं, फक्त मला माहीत आहे.

ते तिला सांग. मी तिला तुझा नंबर देणार आहे. मी सोडली नाही, त्यामुळे 'सोड' म्हणायचा मला हक्क वाटत नाही, आणि 'धर' म्हटलं तर ती माझ्या शब्दावर धरेल, याची भीती वाटते. तू दोन्ही बाजू बघितल्यास. माझा कल विचारशील तर, तिनं एकदा टीईटी द्यावी, सोबत तलाठ्याची द्यावी, आणि कॉन्व्हेंटकडे ढुंकून बघू नये. पण हा झाला सल्ला. तिनं सल्ला मागितला नव्हता, 'खरं सांगा' म्हणाली होती. विम्याची पॉलिसी गळ्यात मारू नको तिच्या, एवढी मेहरबानी कर.

तुझं कसं आहे? नातू बोलायला लागला असं सुमन म्हणाली, मराठीत बोलतो की कसं? मोतीबिंदूचं ऑपरेशन आणखी पुढं ढकलू नको. वहिनींना तिळगूळ सांग. मे महिन्यात येतो म्हणतोस ते दर वर्षी म्हणतोस. हुरडा तर गेलाच तुझा या वर्षी पण.

तूर निघाली आहे. दहा किलो डाळ करून ट्रॅव्हल्सनं पाठवतो, पोहोचल्यावर पावतीचा फोटो टाक, मागच्या वेळी ड्रायव्हरनं पोतं दुसऱ्याच गजाननाला दिलं होतं. आणि 25 ला सकाळी दहानंतर फोन चालू ठेव.

तुझा
सुध्या