भिंतीचं काम दुसऱ्याला दे

कोल्हापूर

चि. बाळ यास,
आईचा सलाम.

काल फोनवर बराच वेळ बोललास. कंपाउंडची भिंत, ठेकेदाराचं बिल, नाताळचा मांडव, उपासना मोबाइलवर दाखवायला लागणारा कॅमेरा. आणि आता बांधकाम कमिटीचा सेक्रेटरीही तुलाच करतायत. पाळक असून एवढ्या बोलण्यात चर्चच्या मंडळीतल्या एकाही माणसाचं नाव आलं नाही. म्हणून हे पत्र. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस.

बायबलमधला नहेम्या, यरुशलेमचा तट बांधणारा, तुझ्या आवडीचा. सनबल्लटाने ओनोच्या मैदानात भेटायला चार वेळा बोलावलं, चारही वेळा याने कळवलं की मोठ्या कामात आहे, येता येत नाही. यरुशलेमचा तट 52 दिवसांत पुरा झाला. पण सनबल्लट वैरी होता रे. वैऱ्याला नाही म्हणायला काय लागतं? तुझ्या दारात येतात ती आपलीच माणसं, आणि कामंही चांगलीच घेऊन येतात. म्हणून मला मार्काच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय जास्त अवघड वाटतो. कफर्णहूमात आदल्या संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलेलं. पहाटे प्रभू येशू एकांतात प्रार्थनेला गेला, तिथे शिष्य शोधत आले, सगळे तुला शोधतायत म्हणाले. आणि तो म्हणाला, चला, दुसऱ्या गावांना जाऊ, मी याचसाठी आलो. मागे राहिलेल्यांत आजारी कुणी नसेल का? असणारच. तरी गेला.

मिरजेला मिशन हॉस्पिटलात आम्ही नव्या मुलींना पहिल्याच रात्रपाळीत सांगायचो, ओरडणाऱ्या पेशंटकडे लक्ष असू दे, पण गप्प पडलेल्याकडे आधी जा. मंडळीतही तसंच आहे. मांडववाला दिवसातून चारदा फोन करतो. नवरा गेल्यापासून उपासनेला न येणारी बाई करत नाही.

2019 चा पूर आठव. शिरोलीला हायवे बंद, पंचगंगा घरांत. पाणी उतरल्यावर ट्रकच्या ट्रक जुने कपडे आले, बॅनर लावून, फोटो काढून, आणि ढीग रस्त्याकडेला भिजत पडले. लोकांना हवी होती घरातला चिखल ओढायला माणसं. आपल्या तरुण संघातली पोरं खराटे, फावडी घेऊन गेली. त्यांनी आधी घरात शिरून विचारलं होतं, काय पाहिजे. विचारायला वेळ लागतो, तोच तुझ्याकडे उरत नाहीये.

कमिटी रागावेल, म्हणालास. रागावू दे. अमेरिकन मिशनरी वायल्डरसाहेब 1852 मध्ये कोल्हापुरात आले. पुढे त्यांच्या मिशन संस्थेने इथलं काम बंद करायचं ठरवलं, तरी ते परत आले आणि संस्थेच्या आधाराशिवाय राहिले. 1870 मध्ये प्रेसबिटेरियन मिशनने ते काम घेतलं. त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही, पण कशासाठी आलोय हे त्यांना रोज कुणाला विचारावं लागलं नसणार.

भिंत बांधू नका, असं मी म्हणत नाही. ढोरं आत शिरतात, भिंत हवीच. प्रेषितांची कृत्ये, सहावा अध्याय काढून बस. विधवांच्या रोजच्या वाटपावरून कुरकुर झाली तेव्हा प्रेषितांनी वाटप बंद केलं नाही, त्यासाठी सात चांगली माणसं नेमली. (त्यातले स्तेफन आणि फिलिप्प पुढे सुवार्ता सांगू लागले, ते तुला ठाऊकच आहे. पंगतीचं काम हलकं नव्हतं.) तुझ्या मंडळीत बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत, हिशेबाला चोख, असं तूच सांगितलं होतंस. त्यांना कुणी विचारलं का? सेक्रेटरी त्यांना करा म्हणून कमिटीला लेखी कळव. तोंडी सांगितलंस की तुला पुन्हा गळ घालतील, आणि तू भिडस्त आहेस, बाबांवर गेलायस.

बुधवारची दुपार घरभेटींना ठेव. फोन घरी ठेवून जा.

बाबांचं बीपी ठीक आहे. नाताळला इकडे येऊ नकोस, तिथेच लागशील. नव्या वर्षात ये, तांबड्या रश्श्याचं बघते.

तुझी,
आई